लव्हाळ्याचं पाणी कुणी विकलं?

शेतात लव्हाळा शिरला की शेतकरी कपाळाला हात लावतो. वरून कितीही खुरपा, खाली मातीत गाठी शिल्लक राहतात आणि आठ दिवसांत रान पुन्हा हिरवं. ‘महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वाचती’ असं तुकोबांनी त्याचं कौतुक केलं खरं (तो नदीकाठचा लव्हाळा आणि हा शेतातला एकच की वेगळा, हा वाद जाणत्यांनी घालावा). पण लव्हाळ्याला पाट काढून मुद्दाम पाणी देणारा माणूस आपल्याकडे कुणी पाहिला नसेल. कॅलिफोर्नियात असे लोक होते. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, ओवेन्स नदीच्या खोऱ्यात मूळचे राहणारे पायूट आदिवासी लोक लव्हाळ्याच्याच कुळातल्या एका गवताला डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी आणून देत. टबूस हे त्याचं नाव. पानगळीच्या दिवसांत जमीन उकरून त्याच्या हरभऱ्याएवढ्या गाठी काढायच्या, वाळवायच्या आणि हिवाळाभर पुरवून खायच्या. नांगरट नाही, पेरणी नाही. फक्त पाणी.

ओवेन्स खोऱ्याची गोष्ट जगभर सांगितली जाते ती मात्र या गाठींपासून नव्हे. ती सुरू होते 1905 साली, लॉस एंजेलिस शहराने गुपचूप जमिनी घ्यायला सुरुवात केली तिथून. तिथून सुरू केली की पात्रं आपोआप ठरतात. शहर खलनायक, रँचवाले (म्हणजे खोऱ्यात येऊन वसलेले, गुरं आणि शेती राखणारे जमीनमालक) गरीब बिचारे, आणि मधे एक नदी जी एकाच्या हातून दुसऱ्याने हिसकावली. पाण्यावरच्या आपल्या परिसंवादांतही ‘शहरं गावांचं पाणी पळवतात’ म्हणून हाच दाखला येतो. मला तो अर्धवट वाटतो. शहराने पळवलं यात शंका नाही. पण शहराने जे विकत घेतलं ते विकणाऱ्यांकडे आलं कसं, आणि ते विकण्याचा अधिकार त्यांना दिला कुणी, हे विचारल्याशिवाय या खोऱ्यातून शिकण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. पश्चिमेला सिएरा नेवाडाची भिंत, त्यात माउंट व्हिटनी 4,421 मीटर उंच. पूर्वेला व्हाइट आणि इन्यो पर्वत. मधे साधारण सव्वाशे किलोमीटर लांबीचं, चिंचोळं खोरं. प्रशांत महासागराकडून येणारे ढग पश्चिमेच्या उतारावरच रिते होतात, त्यामुळे खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम 125 ते 150 मिलिमीटर पाऊस. आपले माण-खटावही यापुढे ओले म्हणावेत. पण शिखरांवर हिवाळाभर बर्फ साचतं आणि उन्हाळ्यात ते वितळून डझनावारी ओढ्यांनी खाली येतं. म्हणजे पाऊस नाही पण पाणी आहे. पायूटांनी या खोऱ्याला दिलेलं नाव पायाहूनादू, म्हणजे वाहत्या पाण्याची जागा.

या पाण्याचा बंदोबस्त ते कसा करत याची नोंद मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन स्ट्यूअर्ड यांनी 1930 च्या सुमारास करून ठेवली आहे. आज जिथे बिशप हे गाव आहे तिथल्या ओढ्यावर वसंतात दगड, माती आणि फांद्यांचा बंधारा घालायचा. पाण्यावर देखरेख ठेवायला एक माणूस निवडायचा, त्याला तुवाइजू म्हणत. बंधारा बांधायला गावाने हात लावायचा, पुढे पाणी फिरवायची जबाबदारी तुवाइजूची. हातात लांब दांडा घेऊन तो मातीचे छोटे बांध घालत, फोडत पाणी पुढे सरकवत राही. ओढ्याच्या उत्तरेला एक शिवार आणि दक्षिणेला एक, आलटून पालटून भिजवलेलं. पानगळीत बंधारा फोडायचा आणि पाट कोरडे पडताना उथळ डबक्यांत अडकलेले मासे वेचायचे.

धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला हा तुवाइजू परका वाटणार नाही. तो पाटकरी आहे. पाण्याचा मालक नव्हे, पाण्याची पाळी सांभाळणारा. आणि फडात जसं एकट्याने ‘माझ्या वाट्याचं पाणी मी विकतो’ म्हणता येत नाही, तसं इथेही म्हणता येत नव्हतं, कारण वाटा हा पाण्यात नव्हताच. तो गावाच्या कामात होता.

1850 च्या दशकात सरकारी मोजणीदार या खोऱ्यात आले, त्यांनी पाट पाहिले, 1859 साली आलेल्या लष्करी तुकडीनेही पाहिले. तरी 1861 साली गुरांचे कळप घेऊन रँचवाले उतरले तेव्हा त्यांच्या दृष्टीने हे मोकळं कुरण होतं. गुरांना काय, भिजवलेलं हिरवं गवत दिसलं, खाल्लं. 1861-62 चा हिवाळा भयंकर गेला, शिकार मिळेना, टबूसची रानं तुडवली गेलेली. भुकेल्या पायूटांनी गुरं मारून खाल्ली. मग बंदुका निघाल्या. 4 जुलै 1862 रोजी लष्कराने तिथे तळ ठोकला, त्या दिवसाचं नाव म्हणून तळाला म्हटलं इंडिपेंडन्स. त्या दिवसापासून ज्यांचं स्वातंत्र्य संपलं त्यांना हा विनोद कळला असेल का, कोण जाणे. पुढच्या वर्षी जुलैत सुमारे 1,000 पायूटांना पायी चालवत टेहॉनच्या छावणीकडे नेण्यात आलं. वाटेत किती मेले, किती पळाले, याचे आकडे वेगवेगळे आहेत. बरेचसे पुढे परत आले आणि ज्या रानांना ते पाणी देत त्याच रानांत रँचवाल्यांकडे मजुरीला लागले. पाट काढायची अक्कल त्यांच्याकडे होतीच.

रँचवाल्यांनीही मेहनत केली, ते नाकारायचं कारण नाही. जवळच सेरो गोर्डोच्या चांदीच्या खाणी सुरू झाल्या, खाणीवरच्या माणसांना मांस आणि खेचरांना गवत हवं होतं. कालवे निघाले, अल्फाल्फाचा हिरवा चारा, सफरचंदाच्या बागा, मधमाश्यांच्या पेट्या, सगळं आलं. पण या कालव्यांनीही नदीच्या टोकाशी असलेल्या ओवेन्स सरोवराचं पाणी कमी करायला सुरुवात केली होती. 1870 च्या दशकात चांदीच्या विटा घेऊन ‘बेसी ब्रेडी’ नावाची आगबोट ज्या सरोवरात फिरे, ते शहर येण्याआधीच आटू लागलं होतं. हे रँचवाल्यांच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत.

कायदा त्या मुलखात साधा होता. जो आधी पाणी वळवेल आणि वापरत राहील, त्याचा हक्क पहिला. मग सगळ्यांत आधी कुणी वळवलं? उत्तर उघड होतं. पण पायूटांना देशाचे नागरिक म्हणून सरसकट मान्यता मिळाली ती 1924 साली. ज्याला कायद्यापुढे उभंच राहता येत नाही त्याचं ‘आधी’ मोजलं जात नाही. तेव्हा ‘पहिला आला त्याचं पाणी’ या नियमाचा तिथला खरा अर्थ होता, कचेरीत पहिला आला त्याचं पाणी.

आता शहर. लॉस एंजेलिसची वस्ती 1900 साली एक लाखाच्या थोडी वर होती, 1910 ला तीन लाखांच्या पुढे गेली. फ्रेड ईटन हे शहराचे माजी महापौर आणि विल्यम मलहोलंड हे पाणी खात्याचे प्रमुख अभियंता. ईटन यांनी 1905 च्या वसंतात खोऱ्यात फिरून जमिनीचे करार केले. त्याच वेळी केंद्र सरकारचं सिंचन खातं खोऱ्यातल्या शेतकऱ्यांसाठीच एक योजना तपासत होतं, आणि ईटन त्या खात्याचेच माणूस आहेत असा बऱ्याच जणांचा समज झाला. तो दूर करायची घाई ईटनना नव्हती. खात्याचे तिथले वरिष्ठ अभियंता लिपिनकॉट यांनी सरकारी नोकरीत असतानाच शहराकडून सल्ल्याचे पैसे घेतले होते. शेतकऱ्यांची योजना बारगळली. शहराने 1907 साली 2 कोटी 30 लाख डॉलरचे रोखे मतदारांकडून मंजूर करून घेतले आणि 233 मैलांचा, म्हणजे 375 किलोमीटरचा जलमार्ग खोदला. एकही पंप नाही, सगळा उतारावर. अभियांत्रिकी म्हणून थक्क करणारं काम आहे. 5 नोव्हेंबर 1913 रोजी सॅन फर्नांडोच्या उतारावरून पाणी फेसाळत आलं तेव्हा मलहोलंड यांचं भाषण एवढंच होतं की ते बघा आलं, घ्या.

माझी धाकटी बहीण त्याच सॅन फर्नांडो खोऱ्यात राहते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असताना महामार्गावरून तिने तो उतार दाखवला. पांढऱ्या पायऱ्यांवरून पाणी घरंगळत होतं. ‘दादा, आपला चहा तिथून येतो,’ म्हणाली. मी तेव्हा मान डोलावली. नंतर वाचताना कळलं की त्या पाण्याने आधी चहा नव्हे, शेतं भिजली. तहानलेल्या शहराच्या नावाने पाणी आणलं, पण सुरुवातीच्या वर्षांत शहराला तेवढं लागतच नव्हतं. सॅन फर्नांडोतल्या कोरडवाहू जमिनी शहरातल्या वजनदार मंडळींनी आधीच घेऊन ठेवल्या होत्या, 1915 साली तो भाग शहराच्या हद्दीत आला, आणि एका खोऱ्यातल्या शेतीचं पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या शेतीला गेलं. म्हणून ‘माणसाचं पिणं मोठं की गुरांचं गवत मोठं’ असा प्रश्न टाकला जातो तेव्हा सावध व्हावं. पिण्याच्या पाण्याचा हंडा पुढे धरून मागून बरंच काही नेता येतं, हे आपल्याकडे तरी नव्याने सांगायला नको.

खरी मेख मात्र पुढे, 1920 च्या दशकात आहे, आणि माझा सगळा मुद्दा तिथेच उभा आहे.

कोरडी वर्षं आली. वर लाँग व्हॅलीत मोठं धरण बांधून पुराचं पाणी साठवलं असतं तर शहर आणि खोरं दोघांचं भागलं असतं. पण ती जागा ईटन यांच्या ताब्यात होती. त्यांना त्यासाठी 10 लाख डॉलर हवे होते आणि जुने मित्र मलहोलंड द्यायला तयार नव्हते. दोघांच्या हट्टात साठवण राहिली आणि शहराने खोऱ्यातले कालवेच विकत घ्यायचे ठरवले. 1923 साली बिशपजवळच्या मॅक्नॅली कालव्यावरचे हक्क घाईघाईने खरेदी झाले. खोऱ्यात तेव्हा वॉटरसन बंधूंच्या बँकांचं राज्य होतं आणि शेतकऱ्यांनी एकजुटीने शहराशी बोलणी करावी म्हणून ते सिंचन संघ उभा करत होते. शहरासाठी मॅक्नॅलीचे करार गोळा करणाऱ्यांत त्यांचा सख्खा चुलता होता. काका-पुतण्यांच्या भांडणात कुणाचा फायदा होतो हे मराठी वाचकाला उलगडून सांगण्यात अर्थ नाही.

कालवा कसा मरतो ते जवळून पाहा. समजा एका कालव्यावर पंधरा शेतकरी आहेत. दरवर्षी गाळ काढायचा, तोंडाशी बंधारा दुरुस्त करायचा, फुटलेला काठ बांधायचा, हा खर्च आणि श्रम पंधरा जणांत वाटलेले. दहा जणांनी शहराला विकलं. शहराने त्यांचं पाणी कालव्यात घेतलंच नाही, नदीत सोडलं. आता उरलेल्या पाच जणांच्या वाट्याचं पाणी कागदावर जसंच्या तसं आहे. पण तेवढंसं पाणी लांबलचक कालव्यातून येताना वाळूत मुरतं, टोकाच्या रानापर्यंत पोचत नाही. गाळ पंधरा जणांचा, माणसं पाच. शेजारची विकलेली रानं ओसाड पडली की त्यांतून तण आणि वाळू उडून येते. मुलं कमी झाली की शाळा बंद. गवताचे भारे नाहीत तर वाहतूकदाराला काम नाही, वाहतूकदार गेला की लोहार जातो, मग दुकानदार. उरलेल्या पाचांना शहराने हातही लावलेला नसतो. तरी वर्षा-दोन वर्षांत तेच विकायला येतात, आणि तेव्हा घेणारा एकच असतो. तिथल्या लोकांनी या खरेदीला सोंगट्यांच्या पटाचं नाव दिलं होतं, एक घर काळं, एक पांढरं. मुद्दाम तशीच आखली की आपोआप तशी झाली यावर अजून वाद आहे. परिणामाला त्याने फरक पडत नाही.

इथे अर्थशास्त्रवाले एक तगडा मुद्दा मांडतात. तो टाळून चालणार नाही. जुन्या खरेदीखतांचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं आहे की बहुतेक शेतकऱ्यांना मिळालेली किंमत त्यांच्या शेतीच्या उत्पन्नाच्या मानाने चांगली होती. शेती करत राहिले असते तर कमावलं नसतं एवढं त्यांना विकून मिळालं. म्हणजे ही चोरी नव्हे, सौदा, आणि तोही दोन्ही पक्षांच्या फायद्याचा. मग ओरड कशाची?

मला हे पटतं, आणि नेमकं म्हणूनच चिंता वाटते. दोन्ही पक्षांना फायदा झाला, मान्य. पण पक्ष दोनच होते का? उरलेले पाच शेतकरी, लोहार, शाळेतली मुलं, खरेदीखतात यांची सही कुठे आहे? पायूट मजूर ज्या रँचवर राबत होते ती रँच विकली गेली तेव्हा मोबदला मालकाला मिळाला, त्यांचं कामही गेलं आणि पाणी तर साठ वर्षांपूर्वीच गेलेलं. सरोवर तर सही करूच शकत नाही. पाण्याच्या सौद्यात किंमत रास्त होती की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. घोडा विकला तर शेजाऱ्याचा घोडा लंगडा होत नाही. पाणी विकलं तर होतो. म्हणून पाण्याच्या हक्काला घोड्यासारखी मालमत्ता मानणं हीच मूळ चूक, आणि ती शहराने केली नाही. ती 1861 नंतर रँचवाल्यांनी आणि त्यांच्या कायद्याने केली. तुवाइजूकडून विकत घेता येईल असं काही नव्हतं, रँचवाल्याकडे होतं. शहराने त्यांच्याच नियमांनी खेळ खेळून त्यांना हरवलं.

हरणाऱ्यांचा राग मात्र खोटा नव्हता. 21 मे 1924 च्या पहाटे जलमार्गाला सुरुंग लावला गेला. 16 नोव्हेंबरला रविवारी सत्तरेक जणांनी लोन पाइनजवळचे अलाबामा दरवाजे ताब्यात घेतले आणि चाकं फिरवून सगळं पाणी परत नदीच्या कोरड्या पात्रात सोडून दिलं. चार दिवस. बायका स्वयंपाक घेऊन आल्या, मुलं आली, गावंच्या गावं जमली, मांस भाजलं, गाणी म्हटली. जवळ चित्रीकरणासाठी आलेल्या टॉम मिक्स या नटाने आपला वाद्यवृंद पाठवून दिला. लुटीविरुद्धचा सत्याग्रह आणि गावजत्रा एकाच जागी. तरी शहर बधलं नाही. ऑगस्ट 1927 मध्ये वॉटरसन बंधूंच्या पाचही बँका बंद पडल्या. ठेवीदारांचे पैसे त्यांनी स्वतःच्या उद्योगांत फिरवले होते, खोरं जगवायला फिरवले असं त्यांचं म्हणणं. दोघे भाऊ तुरुंगात गेले, आणि त्यांच्याच भरवशावर लढणाऱ्या शेजाऱ्यांची पुंजी गेली. पुढच्याच वर्षी, 12 मार्च 1928 ला, शहराजवळचं सेंट फ्रान्सिस धरण फुटून 400 हून अधिक माणसं मेली आणि मलहोलंड यांची कारकीर्द तिथेच संपली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यातली सुमारे 95 टक्के शेतजमीन आणि गावांतलीही बहुतेक मालमत्ता शहराच्या नावावर होती.

सरोवर 1920 च्या दशकात पुरतं आटलं. सुमारे 285 चौरस किलोमीटरचा तळ उघडा पडला आणि वारा सुटला की त्यावरची खारी धूळ खोऱ्यात भरू लागली. बारीक धुलीकणांच्या बाबतीत अमेरिकेतला एकाच जागेचा सगळ्यांत मोठा उगम अशी त्याची ख्याती झाली. बहिणीबरोबर आम्ही 395 क्रमांकाच्या रस्त्याने तिथे गेलो तेव्हा वारा पडलेला होता. तळावर कुठे खडी पसरलेली, कुठे उथळ पाणी सोडलेलं, कुठे खारट मातीत मुद्दाम लावलेलं गवत. पाण्यात पक्षी उतरले होते. हे सगळं शहराने केलेलं, हवा-प्रदूषणाच्या नियमांनी हात पिरगाळल्यावर, 2001 च्या सुमारापासून. त्यावर आजवर दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला आहे. तो लॉस एंजेलिसचे नळधारक भरतात, माझी बहीणही भरते. 1920 च्या दशकातल्या खरेदीखतात जी किंमत लिहायची राहिली, तिची वसुली चालू आहे. शंभर वर्षांनी आणि भलत्याच माणसांकडून.

शहराच्या बाजूचा आणखी एक मुद्दा आहे, तो मला बहिणीच्या नवऱ्याने ऐकवला. गाडीच्या काचेतून बोट दाखवत म्हणाला, ‘बघा, सव्वाशे किलोमीटर, एक टॉवर नाही, एक मॉल नाही. शहराने जमीन घेतली म्हणून हे असं राहिलं. नाहीतर इथे गोल्फची मैदानं झाली असती.’ खरं आहे. शहराच्या मालकीच्या अडीच लाखांच्या आसपास एकरांत गुरं चरतात, माणसं मासे धरायला फिरतात. पण ही राखण म्हणजे योगायोग आहे, धोरण नव्हे. त्या जमिनींवरचे रँचवाले आज शहराचे भाडेकरू आहेत. ज्यांच्या पणजोबांनी कुरणांना कुंपणं घातली ते आज खंडाने जमीन कसतात, मालकाची झाली कुळं. 2018 साली वरच्या मोनो काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) भाडेकरूंपुढे शहराने नव्या कराराचा मसुदा ठेवला, त्यात कुरणांना पाणी देण्याची हमीच नव्हती. काउंटी कोर्टात गेली, खालच्या कोर्टात जिंकली, 2022 मध्ये वरच्या कोर्टात हरली. मालकाची मर्जी हीच ज्याची एकमेव हमी, त्या हिरवळीवर मी तरी विसंबणार नाही.

मग काय करावं? पाणी जागच्या जागीच राहिलं पाहिजे, शहराने तहानेने मरावं, असं मी म्हणत नाही. पाणी वर्षापुरतं, हंगामापुरतं उसनं देता यावं, कायमचं विकता येऊ नये. द्यायचं तर एकेका सातबाऱ्याने नव्हे, पूर्ण कालव्याने एकत्र बसून द्यावं. आणि हिशेबात नदीचा, सरोवराचा आणि ज्यांचा हक्क कधी नोंदवलाच गेला नाही त्यांचा वाटा आधी बाजूला काढावा, मग उरलेल्याची बोली लावावी.

हे स्वप्नरंजन नाही याचा पुरावा त्याच मुलखातून आला. ओवेन्स खोरं पुरेना म्हणून शहराने 1941 पासून उत्तरेच्या मोनो सरोवराला मिळणारे ओढेही वळवले. तेही आटू लागलं, कुरव पक्ष्यांच्या घरट्यांच्या बेटापर्यंत कोल्हेकुत्र्यांना पायवाट झाली. 1978 साली काही तरुण अभ्यासकांनी समिती काढली, कज्जा चालला, आणि 1983 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहराचे परवाने कायदेशीर असले तरी सरोवर हे राज्याकडे लोकांची ठेव म्हणून आहे. ठेवीदाराचं नुकसान होत असेल तर परवाना पुन्हा तपासावाच लागेल. 1994 साली पाणी मंडळाने सरोवराची पातळी 6,392 फुटांपर्यंत न्यायचा आदेश दिला. ती अजून गाठलेली नाही, पण सरोवर वाचलं.

हा निकाल आपल्या कायद्यातही शिरला आहे. हिमाचलात बियास नदीच्या पात्राशी खेळ करणाऱ्या हॉटेलच्या खटल्यात, एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये लोकांच्या ठेवीचं हे तत्त्व भारताचाही कायदा आहे असं ठरवलं, तेव्हा मोनो सरोवराच्या निकालातले उतारे घेतले होते. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याच्या हक्कदारीची हंगामी किंवा वार्षिक खरेदी-विक्री करता येईल अशी तरतूद आहे. हंगामी किंवा वार्षिक, या दोन शब्दांवर बोट ठेवून बसावं लागेल. उद्या कुणी सुधारणेच्या नावाने ते खोडायला निघालं तर पहिला दाखला ‘शेतकऱ्याला रास्त भाव मिळेल’ हाच दिला जाईल, आणि तो खोटाही नसेल.

पायूटांचं राहिलं. 1937 च्या कायद्याने केंद्र सरकारने त्यांची 2,914 एकर जमीन शहराला दिली आणि शहराकडून 1,391 एकर घेऊन बिशप, बिग पाइन आणि लोन पाइन इथे त्यांच्या वसाहती केल्या. पाण्याच्या हक्काचं तेव्हा ठरलं नाही, कारण शहराच्या सनदेनुसार मतदारांच्या दोन तृतीयांश कौलाशिवाय पाण्याचा हक्क देता येत नव्हता. ते नंतर बघू म्हटलं गेलं. ते अजून बघितलेलं नाही.

अलीकडे बिशपच्या पायूट समाजातल्या एका वृद्ध गृहस्थांनी आयुष्याची बरीच वर्षं जुने पाट शोधण्यात घालवली. झुडपांतून चालत जायचं, जमिनीत उथळ खाच दिसली की तिच्या कडेला उलटून टाकलेले दगड चाचपायचे, उतार बघायचा, नकाशावर रेघ ओढायची. 1850 च्या दशकातल्या सरकारी मोजणीच्या वह्या त्यांच्या कामी आल्या. पहिला रँचवाला खोऱ्यात पाय ठेवायच्या पाच वर्षं आधी मोजणीदाराने त्या पाटांची नोंद केलेली आहे. ज्या जमिनीवरून ते पाट जातात ती आज लॉस एंजेलिस शहराची आहे.